लोक हसतले

आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एक ठरलेलं वाक्य होतं, "लोक हसतले." मी धावत शाळेत गेले की लोक हसतले. रस्त्यात आंब्याची बाठ चोखली की लोक हसतले. ओले केस मोकळे सोडून विहिरीवर गेले, लोक हसतले. मोठ्यानं शिंकण्याचीसुद्धा सोय नव्हती. हे लोक म्हणजे नेमके कोण, ते मला लहानपणी कधी कळलं नाही. मला वाटायचं, आमच्या माडांच्या मागे कुठेतरी माणसांची एक रांग कायमची बसवून ठेवलेली आहे आणि माझ्याकडे बघून हसायचं एवढंच काम त्यांना नेमून दिलंय. पुढे मी नाटकात गेले, सिनेमात गेले, आणि त्याच लोकांनी हसावं म्हणून सगळा जन्म घसा फोडला. आबांच्या घरात मी जन्माला यावं, हा देवानं माझ्याआधी केलेला विनोद.

मुलाखत घ्यायला येणारी पोरं मला विचारतात की बाई, विनोदातले तुमचे गुरू कोण. मी त्यांना सांगते, आमचा ग्रामदेव. ती समजतात म्हातारी थट्टा करतेय, आणि वहीत काहीतरी भलतंच लिहून घेतात. लिहोत बापडी. खरं काय झालं ते एकदा नीट सांगते.

आमचं गाव मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या वाटेवर. आबांची माडांची बाग, थोडी भातशेती, आणि देवळात मान. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार वाटते. आमच्याकडे ते देवाकडे मागणं असतं, आणि ते एकट्यानं मनातल्या मनात मागायचं नसतं. मानकरी देवासमोर उभा राहून खणखणीत आवाजात मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेला सगळा गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा." गावानं 'व्हय' म्हटलं की ते मागणं पक्कं. मग त्यातून देवालाही सुटका नाही आणि माणसालाही नाही. कुणाचं पोर बोटीवर नोकरीला जायचं असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, आबांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय गावात पान हलत नसे. आवाज असा की देवळात बोलले तर खाडीपलीकडे ऐकू जावं. घरात मात्र दिवसाकाठी चार शब्द, आणि त्यातले दोन मघाशी सांगितले तेच.

मी त्यांची नक्कल करायची. गोठ्यात. म्हशीपुढे हात जोडून उभी राहायची, आबांसारखी मान वर करून गाऱ्हाणं घालायची, आणि म्हशीनं माशी वारायला मान हलवली की तिनं 'व्हय' म्हटलं असं धरायची. आईनं एकदा मला पकडलं. पदर तोंडात कोंबून ती इतकी हसली की दुधाची चरवी लवंडली. मग डोळे पुसून म्हणाली, आबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस, बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. मला वाईट वाटलं, पण आईला हसवलं याचा आनंद जास्त होता. ती चव एकदा जिभेवर बसली ती बसलीच.

दर मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की गावचं नाटक व्हायचं. बायांची कामं अर्थातच बाप्ये करत. आमची नायिका वर्षानुवर्षं एकच, मुंबईला गिरणीत कामाला असलेला एक उंच गडी. विडीनं आवाज घोगरा झालेला, मनगटं पायलीएवढी, पण रडायचा असा की बायका आधीच पदर हातात घेऊन बसत. त्या वर्षी मी सतरा-अठराची असेन. नाटक आठवड्यावर आलं आणि नायिकेला गालगुंड झालं. दोन्ही बाजूंनी. चेहरा असा की नारळाला पातळ नेसवावं. नाटक बसवणारे गृहस्थ आमच्याच गावचे, मुंबईत नोकरी सांभाळून बायकोबरोबर नाटकमंडळी चालवायचे. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. मास्तर सरळ आमच्या घरी आले आणि आबांकडे मला मागितलं, नायिकेच्या कामाला.

आबांनी अर्थातच सांगितलं, लोक हसतले. पण मास्तर पक्के. ते म्हणाले, गावचं नाटक पडलं तर शेजारच्या गावचे लोक हसतले. आबांना त्यांच्याच शब्दानं असं कुणी कधी धरलं नव्हतं. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग अटी घातल्या. नाटक दुपारी करायचं, उजेडी. आई विंगेत बसणार. आणि मुख्य म्हणजे मुलीनं लोकांना रडवायचं, हसवायचं नाही. रडवणारी बाई घरंदाज दिसते, हसवणाऱ्या बाईला लोक हसतात, असा त्यांचा हिशेब.

तालमीत मास्तरांनी मला बघितलं आणि चार दिवसांनी परत घरी आले. म्हणाले, ह्या पोरीला मुंबईला पाठवा, आमच्या घरी मुलीसारखी राहील, शिकेल, मंडळीत काम करेल. मी दाराआड उभी होते.  आबांनी दोन शब्दांत निकाल दिला, "नाय जमाचा." एक दुपार नाटक, मग चूल. जामसंड्याचं एक स्थळ आलेलंच होतं, पावसाआधी पक्कं करायचं होतं. मुलगा बरा होता, उगाच खोटं कशाला बोलू. पण मला मुंबईला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि ते रडणं नाटकासाठी साठवून ठेवायला हवं होतं हे सकाळी लक्षात आलं.

आमच्याकडे रंगमंच देवळाच्या आवारात बांधतात, आणि तो देवाकडे तोंड करूनच. देवाला नाटक दिसलं पाहिजे, म्हणून लोकांनी मधे वाट सोडून बसायचं. म्हणजे नट रंगमंचावर उभा राहिला की समोर सगळा गाव, आणि गावाच्या डोक्यावरून थेट गाभाऱ्याचं उघडं दार. हे आमच्यासाठी इतकं नेहमीचं की त्याचा कुणी विचार केला नव्हता. मीही नाही.

नाटकात माझा नवरा परदेशी गेलेला, सासू छळणारी, आणि मी सोशीक. पहिल्या प्रवेशात मी रडले तर पहिल्या रांगेतलं एक पोर फिसकन हसलं. आबांनी त्याच्याकडे बघितल्यावर ते तिथेच गारठलं. दुसऱ्या प्रवेशात सासूचा टोप माझ्या बांगडीत अडकून निघून आला. लोकांनी कसंबसं हसू दाबलं, कारण आबा पुढेच बसलेले, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, गुडघ्यावर हात. मग आला तो प्रवेश. सोशीक बाई एकटी, हात जोडून देवाला विनवते. भाषण लांबलचक, पुस्तकी, 'हे करुणासिंधो' वगैरे. मी हात जोडले, समोर बघितलं, आणि भाषण गेलं. पार धुऊन गेलं.

विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवला होता आमच्या जुन्या नायिकेला. गालगुंडवाल्याला. त्याला सगळं नाटक पाठ म्हणून. पण सुजलेल्या तोंडातून त्याला साधा श्वास काढता येत नव्हता, तो शब्द काय काढणार? तो बिचारा हातवारे करून करून घामाघूम झाला. आई त्याच्या शेजारी देवाचं नाव घेत बसलेली. इकडे मी हात जोडून उभी, समोर गाव, गावामागे खराखुरा देव, आणि तोंडात एक अक्षर नाही. हात जोडून देवासमोर उभं राहिल्यावर काय बोलतात, तेवढं एकच मला माहीत होतं. मान आपसूक आबांसारखी वर झाली.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "आज ह्या तुझा लेकरू तुझ्यासमोर उभा आसा."

आणि सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

कुणी हसलं नाही हो. कुणाच्या लक्षातच आलं नाही. पिढ्यान् पिढ्यांची सवय, हात आपोआप जोडले गेले, माना खाली गेल्या. आणि त्या सगळ्या आवाजांत मोठा आवाज आबांचा. माझ्या अंगात वारं शिरलं. मी मागितलं, ह्या बाईचा घोव दर्यापार गेलाय, तो सुखरूप घरी येऊ दे. व्हय म्हाराजा. हिच्या सासूच्या तोंडाला जरा आवर घाल. व्हय म्हाराजा. ह्या वेळी बायकांच्या बाजूनं जास्त जोर आला, आणि कुठेतरी पहिलं हसू फुटलं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण हाती आलेलं कोण सोडतो? गाव हात जोडून बसलेला, देव समोर, आणि जे मागेन त्याला 'व्हय' मिळतंय. असा दिवस पुन्हा कधी येणार होता? मी नाटकातल्या बाईला सोडलं आणि चेडवासाठी, म्हणजे आबांच्या पोरीसाठी, मागायला लागले.

"ह्या चेडवाक मुंबैक जावन नाटकात काम करूचा आसा, त्येच्या वाटेत जा काय आडवा येयत ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्येच्या बापाशीक सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात खणखणीत 'व्हय' आबांचं. तोंड मिटता मिटता त्यांना कळलं आपण काय म्हटलं ते. त्यांच्याबरोबर सगळ्या गावालाही कळलं. मग जे हसू उसळलं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं हसू. मांडवावरचे माडाचे झाप हलले. सासूचं काम करणारा बाप्या पडद्यामागे लोळत होता. मी हात जोडून तशीच उभी, आणि मला फक्त आबा दिसत होते. खाली मान घालून बसलेले. त्यांना जन्मभर ज्याची भीती, ते त्यांच्याच देवळाच्या आवारात होऊन गेलं होतं, आणि तेही माझ्या हातून.

नाटक कसं संपलं ते विचारू नका. नवरा परत आला तेव्हा लोकांनी त्यालाही 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

आबा माझ्याशी बोलेनासे झाले. तसे ते आधीही फारसं बोलत नव्हते, पण आता 'लोक हसतले'सुद्धा बंद झालं, आणि ते ऐकायची मला इतकी सवय की घर ओकंओकं वाटायला लागलं. जामसंड्याहून निरोप आला. मुलगी छान आहे, पण अख्खा गाव जिच्या शब्दाला 'व्हय' म्हणतो तिला आमच्या घरातली सासू 'नाही' कशी म्हणणार, तेव्हा क्षमा असावी. आईनं निरोप ऐकला आणि पुन्हा पदर तोंडात घातला.

आबा गुरवाकडे गेले. गुरव म्हातारा, पान चघळत सगळं ऐकून घेतलं. आबांचं म्हणणं, ते गाऱ्हाणं धरायचं नाही. घालणारी बाईमाणूस, तोंडाला रंग लावलेली, आणि ते नाटक. गुरव म्हणाला, "घातला बाइलमाणसान काय बापयान, 'व्हय' तर गावान म्हटला मां? तुमी पण म्हटलात." मग देवळाच्या पायरीवर मानकऱ्यांची बैठक बसली. हसायचं कुणी नाही असं ठरवून बसलेली माणसं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे गालगुंडवाल्यासारखे. शेवटी मार्ग निघाला. एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं तर दुसरं गाऱ्हाणं घालूनच. आबांनी देवासमोर उभं राहायचं, आणि गावासमक्ष मागायचं की आधीचं मागणं रद्द कर.

सोमवारी सकाळी गाव जमला. नाटकाला होता त्याहून जास्त. तारकर्लीहूनसुद्धा माणसं आली, काम काढून. मी बायकांच्या मागे, खांबाला टेकून. आता ह्या एका गाऱ्हाण्यावर माझी मुंबई होती. आबा उभे राहिले, आवाज लावला. बा देवा म्हाराजा. व्हय म्हाराजा. तुझ्या लेकरानं नकळत काही मागितलं. व्हय म्हाराजा. आता मी, तिचा बाप, तुझ्यासमोर उभा आहे. व्हय म्हाराजा. सगळं झोकात चाललं होतं. आणि मग ते मुख्य मागण्यापाशी आले, आणि थांबले.

कारण मागायचं काय होतं? देवा, मला सुबुद्धी देऊ नकोस. आता बोला. आबांनी तोंड उघडलं, मिटलं. 'व्हय' म्हणायला गाव ओठ सज्ज करून उभा. गुरवानं पान चघळायचं थांबवलं. आबांनी एकदा मागे वळून बघितलं, बायकांकडे. मला शोधलं. त्या नजरेत राग होता की काय होतं, ते मला कळलं नाही. मग देवाकडे वळले आणि नेहमीच्या मानानं अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माज्या मनात काय आसा ता तुका म्हायत आसा रे म्हाराजा. ता पुरा कर."

गावानं 'व्हय' म्हटलं. म्हणजे कशाला म्हटलं ते कुणालाच ठाऊक नाही. गुरवानं निकाल दिला की रद्द असं काही ऐकू आलं नाही, तेव्हा आधीचं कायम.

पावसाआधी आबांनीच मला एस्टीनं कसालच्या तिठ्यापर्यंत पोचवलं. मास्तर आणि त्यांची बायको मुंबईच्या गाडीत जागा धरून बसले होते. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून रडत होते, नाक गळत होतं. आबा जवळ आले. मला वाटलं आता काहीतरी सांगतील, आशीर्वाद देतील. म्हणाले, "नाक पूस. लोक हसतले." इतक्या दिवसांनी ते वाक्य ऐकलं आणि मला आणखी रडू आलं.

मुंबईत मास्तरांनी मला आधी सोशीक बायकांचीच कामं दिली. पण मी रडले की लोक हसायचे. हसले की जास्त हसायचे. विष घेऊन मरते तर शिट्ट्या. माझ्या नाकात आणि दातांत काहीतरी आहे म्हणे. शेवटी मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि मला मोलकरणीचं काम दिलं, चार वाक्यांचं. त्या चार वाक्यांवर मी नाव काढलं. मग नाटकं मिळाली, मग सिनेमे. भाडेकरूंना छळणारी घरमालकीण मी, चहाडखोर शेजारीण मी, लग्न न जमलेली आत्या मी. पडद्यावर मला नवरा मिळाला तर तो पहिल्या दहा मिनिटांत पळून जायचा. भाजीवाली मला मेथी देताना आधीच हसायची, मी भाव विचारायच्या आत. दवाखान्यात माझं पोट दुखत असताना नर्स हसली होती. तेव्हा मात्र मला आबा आठवले.

सुट्टीत गावी जायचे तेव्हा आबा माडांचं सांगत, पावसाचं सांगत, कामाचा शब्द काढत नसत. आई मालवणला जाऊन माझे सिनेमे बघून यायची. आबा एकदाही गेले नाहीत. मला वाटायचं, त्या दुपारचं त्यांनी मनातून काढलेलं नाही. वर्तमानपत्रात माझं कौतुक यायचं, लोक हार घालायचे, आणि मी मनात म्हणायचे, हे सगळं ठीक आहे, पण पुढच्या रांगेतला काळी टोपीवाला कुठे आहे?

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर आमच्या कंपनीचा प्रयोग मालवणला लागला. मांडव भरून लोक रस्त्यावर. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर पहिल्या रांगेत आबा. तोच कोट, गुडघ्यावर हात. शेजारी आई.  त्या दिवशी मी मोलकरणीचं काम केलं ते मांडवातल्या एकाच माणसासाठी. मालवणात माणसं हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होती. एकानं तर उठून विनवलं, "वायच थांब गो बाय, पोटात दुखता." आणि आबा दगड. ओठाची कड हलली नाही. मी होती नव्हती ती सगळी हत्यारं काढली, आबांची स्वतःची मान वर करायची लकब सोडून. ती कधी वापरायची नाही असं मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. प्रयोग संपला, टाळ्या थांबेनात, आणि मी रंगपटात जाऊन रडले. तिथे कुणी हसलं नाही, एवढंच नशीब.

सकाळी घरी, आबा पडवीत नारळ सोलत बसले होते. मी समोर जाऊन बसले. आता मी काही सतरा वर्षांची नव्हते. सरळ विचारलं, काल सगळं मालवण हसलं, तुम्ही का नाही हसलात?

आबांनी हातातला नारळ पुरा सोलला. म्हणाले, "हसलंय आसतंय तर तुझा फुडचा वाक्य आयकाक इला नसता."

 मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तेही विचारून टाकलं. त्या सोमवारी देवाला काय मागितलंत? रद्द करायचं मागितलंत ना?

त्यांनी दुसरा नारळ ओढून घेतला. मला वाटलं, झालं, दिवसाचे चार शब्द संपले. मग नारळाकडेच बघत म्हणाले, "तू ऱ्हवणारा न्हय, ता माका कळला हुता. म्हटलंय, लोक हसतले तर हसांदेत. पण तिच्या कामाक हसांदेत रे म्हाराजा. माज्या चेडवाक हसा नयेत."

तिथे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं होतं, एवढं मला कळत होतं. जन्मभर रंगमंचावर उभं राहून पोट भरणारी बाई मी, पण तोंडातून शब्द निघेना. आबांनी एकदा वर बघितलं, आणि माझा तो चेहरा बघून, देवाशपथ सांगते, फिसकन हसले.